समोर बघताना जिवंत वाटणारा लेआउट फोटोत खेळण्यासारखा का दिसतो?

अरुंद_मार्ग

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटचे तीन फोटो टाकते आहे. एचओ स्केल, १:८७, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. शाखामार्गावरचं एक छोटं स्टेशन, त्याच्यापुढे कमानींचा दगडी पूल आणि पुलापलीकडे डोंगराच्या पोटात शिरणारा बोगदा. काळ वाफेच्या इंजिनांचा.

पहिला फोटो सगळ्या टेबलाचा आहे. दुसरा फलाटाच्या टोकाचा, जिथे माझा सगळ्यात जास्त जीव गुंतलाय: इंजिनात पाणी भरायचा नळखांब, त्याच्या तोंडाला लोंबणारी कातडी नळी, खाली ओली झालेली खडी आणि शेजारी राख पाडायचा खड्डा. तिसऱ्यात मालगाडी पुलावर आहे.

अडचण अशी की टेबलाजवळ खुर्ची ओढून बसलं की मला ते स्टेशन खरं वाटतं. गाडी थांबली की कोणीतरी आता उतरेल असं वाटतं. फोटोत मात्र ते सगळं निघून जातं आणि उरतात प्लास्टिकची घरं आणि पिवळट गवत. दुसऱ्या फोटोत नळखांब स्पष्ट आहे, पण मागचं इंजिन धूसर झालंय. तिसऱ्यात मागच्या रंगवलेल्या आभाळावर इंजिनाची सावली पडलीय, तीही दोनदा.

माझ्याकडे फोन आहे आणि १८-५५ लेन्सचा एक डीएसएलआर. खोलीत छताला दोन ट्यूब आहेत. नवी लेन्स घ्यावी का, दिवे बदलावेत, की लेआउटमध्येच काही कमी आहे? जे दिसतंय ते मोकळेपणाने सांगा.


सांधेवाला

लेन्स घेऊ नका. आधी कॅमेरा खाली आणा.

दुसऱ्या फोटोवर मी बराच वेळ थांबलो. नळखांबाच्या बुडाशी शेवाळाचा हिरवट रंग खडीच्या फटींमध्येच आहे, खड्यांच्या माथ्यावर नाही. पाणी जिथे साचतं तिथेच शेवाळ धरतं, हे ज्याने निरखून पाहिलंय त्याच्याच हातून असं काम होतं. तेव्हा लेआउटमध्ये कमी काही नाही. कमी आहे ती तुम्ही खुर्चीत बसून जिथून बघता त्या जागेची. ती फोटोत आलेली नाही.

हिशोब करून बघा. उभं राहून फोटो काढताना कॅमेरा रुळांपासून साधारण ४५ सेंटिमीटर वर असतो. त्याला ८७ ने गुणा, ३९ मीटर होतात. म्हणजे तुमच्या स्टेशनकडे तुम्ही तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून बघताय. शाखामार्गावरचं स्टेशन असं कोणी कधी पाहिलेलं असतं? आपल्या डोक्यात रेल्वेची जी चित्रं आहेत ती फलाटावर उभं राहून, फाटकाशी थांबून, फार तर पादचारी पुलावरून पाहिलेली आहेत. माणसाचा डोळा जमिनीपासून १ मीटर ६० सेंटिमीटरच्या आसपास असतो. एचओमध्ये ते होतात अवघे १८ मिलिमीटर. कॅमेऱ्याची लेन्स फलाटापासून १८ मिलिमीटरवर आली की छपरं दिसायची थांबतात आणि भिंती दिसायला लागतात, इंजिन आभाळाला टेकतं, डब्यांची रांग लांबलचक होते. खेळणं म्हणून जे जाणवत होतं त्यातलं निम्मं तिथेच संपतं.

डीएसएलआर एवढा खाली जात नाही, लेन्सचं तोंडच मोठं असतं. इथे फोन कामाला येतो. फोन उलटा धरा, म्हणजे वरच्या कडेला असलेला कॅमेरा खाली येईल, आणि ती कड थेट फलाटावर किंवा रुळांवर टेकवा. रुळांवर टेकवण्याआधी वीज बंद करा, विशेषतः फोनला धातूची कड असेल तर. फोटो नंतर फिरवून सरळ करता येतो.

आता धूसरपणाचं. ३० सेंटिमीटरवरून काढलेला एचओचा फोटो म्हणजे खऱ्या जगात २६ मीटरवरून काढलेला फोटो. २६ मीटरवरून खरं इंजिन टिपलं तर इंजिन, मागचं स्टेशन आणि त्यामागचा डोंगर हे सगळं जवळपास सारखंच स्पष्ट येतं. पण कॅमेऱ्याला स्केल कळत नाही. त्याच्या दृष्टीने वस्तू ३० सेंटिमीटरवरच आहे आणि इतक्या जवळून फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, थोडीशीच मिळते. पुढचा बफर स्पष्ट, धुराडं धूसर. आपल्या डोळ्याला ही खूण चांगली ओळखता येते: इतकं धूसर म्हणजे वस्तू लहान आणि जवळ. याचा उलटा पुरावाही आहे. खऱ्या शहराचा उंचावरून काढलेला फोटो घेऊन त्याचा वरचा आणि खालचा पट्टा धूसर केला की ते शहर खेळण्यातलं दिसतं. टिल्ट-शिफ्ट म्हणतात तो परिणाम हाच. आपल्याला त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जायचंय.

त्यासाठी दोन वाटा आहेत. फोनचा सेन्सर लहान असल्याने फोकसची खोली मुळातच जास्त मिळते, ही सोपी वाट. डीएसएलआर असेल तर ट्रायपॉडवर लावा, अ‍ॅपर्चर एफ-११ ते एफ-१६ च्या मध्ये ठेवा (आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र बारीक आणि खोली जास्त), शटर लागेल तेवढा वेळ उघडा राहू द्या आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा हादरा फोटोत येणार नाही. एफ-२२ वर गेल्याने खोली वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. रिव्हेट मोजता येतील असं काम ज्यांनी केलंय त्यांना ते खटकतं.

एफ-१६ नेही भागलं नाही तर फोकस स्टॅकिंग करा. कॅमेरा हलवायचा नाही, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दोन्ही हाताने ठरवून कायम ठेवायचे, आणि फोकस सगळ्यात पुढच्या वस्तूपासून सगळ्यात मागच्या वस्तूपर्यंत थोडा थोडा सरकवत फोटो घेत जायचे. हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारखा प्रोग्रॅम त्या प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक फोटो करतो. दोन फोटोंमधली फोकसची पावलं पुढच्या बाजूला लहान ठेवा, मागे मोठी चालतात. पुढे पावलं मोठी पडली की खडीत मध्येच एक धूसर पट्टी राहते, आणि खडीत ती पटकन दिसते.

जॉन अ‍ॅलन हे नाव या छंदात पुन्हा पुन्हा निघतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला त्यांच्या घरात एचओचा मोठा लेआउट होता, १९७३ मध्ये ते वारले. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यांच्या लेआउटमध्ये आरसे अशा जागी लपवलेले असत की रस्ता किंवा यार्ड आणखी पुढे जातंय असं वाटावं. मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटणारी गोष्ट ही की देखावा उभा करतानाच तो कुठून बघितला जाणार हे त्यांच्या मनात असे. तुमच्या नळखांबाला अशी एक जागा आहे. फलाटाच्या उतारावर, इंजिनाच्या थोडं पुढे, जिथे इंजिनचालक उतरून उभा राहील. तिथे फोन टेकवून बघा.


दिवाबत्ती

सांधेवाल्यांनी उंचीचं सांगितलं, मी उजेडाचं सांगते, कारण तिसऱ्या फोटोतल्या दोन सावल्या तिथूनच आल्यात.

आभाळात सूर्य एकच असतो. छताच्या दोन ट्यूबमुळे प्रत्येक खांबाला दोन फिकट सावल्या पडतात आणि लांबट ट्यूबमुळे त्या सावल्यांना धडशी कडही नसते. फोटो काढताना ट्यूब बंद करा. एकच दिवा घ्या आणि तो होईल तेवढा लांब न्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेता आला तर उत्तम. जवळच्या दिव्याने सावल्या पंख्याच्या पात्यांसारख्या फाकतात. तारांच्या खांबांच्या रांगेत हे फार उघडं पडतं, एका खांबाची सावली डावीकडे आणि पुढच्याची उजवीकडे. सूर्याच्या उजेडात त्या सगळ्या समांतर असतात. दिवा जितका लांब तितक्या त्या समांतर होत जातात.

दिव्यासमोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे चाकांमधला अंधार थोडा उजळेल. ते काम खऱ्या जगात आभाळ करतं. डब्यांखालचा भाग पूर्ण काळा राहिला तर बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, बनवायला घालवलेल्या सगळ्या संध्याकाळी वाया जातात.

रंगासाठी ५००० ते ५५०० केल्विनचा दिवा घ्या, ज्याचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वर असेल. गवत पिवळट दिसण्याचं कारण बहुधा गवत नाहीच, आधी हे करून बघा आणि मगच गवत बदलायचा विचार करा. शिवाय ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. लेआउटमध्ये हिरवा रंग इतका असतो की कॅमेरा तो झाकायला जातो आणि आभाळ गुलाबी करून ठेवतो.

आभाळावर पडणाऱ्या सावलीला एकच इलाज आहे, आभाळ मागे सरकवणं. शेवटच्या झाडापासून ते १०-१५ सेंटिमीटर मागे असलं आणि दिवा बाजूने, उंचावरून आला तर सावली आभाळापर्यंत पोहोचण्याआधी जमिनीवरच पडते. जागा नसेल तर फोटोपुरता मागचा फलक काढून थोडा लांब धरायला कोणाला तरी सांगा.


तिसरी_लाईन

मला थोडं वेगळं म्हणायचंय. वरचं सगळं बरोबर आहे आणि तसे फोटो मी आवडीने बघतो. पण कृपा करून पहिल्या फोटोसारखे फोटो काढणं थांबवू नका.

डोळ्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत इंजिन सुंदर दिसतं, पण लेआउट कसा आहे ते कळत नाही. सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे) कुठे आहेत, वळसा कुठून घेतलाय, बोगद्याच्या मागे गाडी कुठे थांबते, टेबलापलीकडे हात पोहोचतो का, हे सगळं वरूनच दिसतं. स्वतःचा लेआउट आखायला बसलेल्या माणसाला तेच हवं असतं. तुमच्या पहिल्या फोटोवरून मला समजलं की बोगद्यातून पुलावर येणारं वळण तुम्ही टेबलाच्या कडेशी नेलंय, म्हणून ते एवढं मोठं बसलं. ही युक्ती दुसऱ्या कुठल्या फोटोतून कळली नसती.

म्हणून प्रत्येक वेळी एक फोटो वरून, सरळ खाली बघत घ्या, रुळांचा आराखडा काढल्यासारखा. आणि जमलं तर एक टेबलाखालचा, तारांचा. देखाव्यापेक्षा टेबलाखालच्या फोटोतून मी जास्त शिकलोय: सांध्यांच्या मोटारी कशा बसवल्यात, प्रत्येक रुळाला वेगळी तार जोडलीय की फक्त रूळ जोडणाऱ्या जोडपट्ट्यांवर भरवसा ठेवलाय, तारांचे रंग ठरवून घेतलेत का. अर्धवट कामाचेही फोटो टाका. डोंगराच्या आत जाळी आहे की फोम, हे प्लास्टर चढल्यावर कधीच कळत नाही.


नऊ_मिलिमीटर

माझा लेआउट एन स्केलचा, १:१६०. सांधेवाल्यांचा हिशोब आमच्याकडे आणखी कडक होतो, डोळ्याची उंची १० मिलिमीटर. फोनची लेन्ससुद्धा काठापासून जवळजवळ तेवढीच आत असते, म्हणजे फोन टेकवला की थेट फलाटावरच्या माणसाचा डोळा.

पण इतक्या जवळ गेल्यावर एक गोष्ट दिसायला लागते जी समोरून कधी जाणवत नाही, ती म्हणजे रुळांची उंची. मॉडेलच्या रुळाची उंची कोडने सांगतात; कोड ८० म्हणजे इंचाचा ८० हजारांश, २.०३ मिलिमीटर. १६० ने गुणलं की ३२५ मिलिमीटर उंचीचा रूळ झाला! खरा, मीटरला ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिलिमीटरचा असतो. एन मध्ये कोड ५५ घेतला तरी तो २२४ पर्यंत जातो. एचओत हे बरं आहे: कोड १०० म्हणजे २२१, कोड ८३ म्हणजे १८३, आणि कोड ७० म्हणजे १५५, जो शाखामार्गावरच्या हलक्या रुळाला शोभतो.

अंथरलेले रूळ उखडायला मी कोणालाच सांगणार नाही. रुळाच्या बाजू गंजलेल्या तपकिरी रंगाने मॅट रंगवा आणि फक्त माथा चकचकीत ठेवा. उंची कमी होत नाही, पण नजर माथ्याच्या चमकत्या रेषेकडे जाते आणि बाजू खडीत मिसळून जाते. चाकांच्या बाहेरच्या बाजूही रंगवा. खाली गेलेल्या कॅमेऱ्याला चकचकीत चाक सगळ्यात आधी दिसतं.

आणि झाडं वाढवा. सर्रास लावली जाणारी झाडं ७-८ सेंटिमीटरची असतात, एचओत ती सहा-सात मीटरची होतात. १५ मीटरचं साधं झाड एचओत १७ सेंटिमीटर हवं. वरून बघताना एवढं मोठं झाड अंगावर येतं, खालून बघताना मात्र इंजिनामागे तेच बरोबर दिसतं.


अरुंद_मार्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन नवे फोटो टाकते आहे.

पहिला नळखांबाचा, फोन उलटा धरून, फलाटाच्या उतारावरून. ट्यूब बंद, एकच दिवा खोलीच्या दारात, डाव्या बाजूला पांढरा पुठ्ठा. कातडी नळीची सावली टाकीच्या पत्र्यावर पडलीय ती बघा, आधीच्या फोटोत ती नव्हतीच. रिव्हेटची रांग आता उजेडाने उठून आलीय. इंजिनाचा पुढचा भाग आभाळात गेला आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे वजनदार आहे, उचलून बाजूला ठेवण्यासारखं नाही.

दुसरा, तिसरी_लाईन यांच्यासाठी, टेबलाखालचा. प्रत्येक रुळाला वेगळी तार आहे, जोडपट्ट्यांवर भरवसा नाही. अलीकडच्या रुळाची तार लाल, पलीकडच्याची काळी, सांध्यांच्या मोटारींच्या हिरव्या.

आता नवा प्रश्न. नळखांबाच्या फोटोत मागची रंगवलेली शेतं विचित्र दिसतात. समोर बसल्यावर ती सपाट वाटतात, फोटोत मात्र ती इंजिनामागे भिंतीसारखी उभी राहिलीत. क्षितिज मी रुळांपासून २५ सेंटिमीटर वर काढलंय. आणि गाडी चालू असतानाचा फोटो हवा असेल तर स्टॅकिंग कसं करायचं?


सांधेवाला

नळखांबाचा फोटो मोठा करून बघितला. टाकीवरच्या त्या सावलीनेच काम केलंय, दिवा बरोबर जागी आहे. आता तो हलवू नका, दाराच्या चौकटीला खूण करून ठेवा.

शेतं उभी दिसतात ती क्षितिजामुळेच. सपाट जमिनीवर उभं राहा की डोंगरावर चढा, क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीलाच दिसतं. तुम्ही ते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याला धरून काढलंय, म्हणून खुर्चीतून ते अगदी बरोबर वाटतं. फोनचा डोळा आता १८ मिलिमीटरवर आलाय, त्याचं क्षितिजही तिथेच असायला हवं. त्याच्या वर २३ सेंटिमीटर सपाट शेत दिसलं की डोळा म्हणतो ही जमीन नाही, ही भिंत आहे.

पण सगळं पुसून पुन्हा रंगवायची गरज नाही. क्षितिजाच्या वर सपाट वस्तू असू नये, एवढाच नियम आहे. डोंगर, झाडं, इमारती, ढग हे कितीही वर जाऊ देत. शेतं, पाणी, मागे जाणारे रस्ते यांनीच घात होतो. तेव्हा शेतांचा पट्टा आहे तिथे देखाव्याच्या मागच्या कडेला झाडांची रांग किंवा रुळांच्या उंचीचा एक बांध उभा करा, नऊ_मिलिमीटर म्हणतात त्या मापाची झाडं इथे कामी येतील. त्यांच्या माथ्यावरून फक्त डोंगर दिसले पाहिजेत. डोंगरांना मागे मागे निळसर आणि फिकट करत जा, शेवटची ओळ आभाळापेक्षा जेमतेम गडद. तेही नको असेल तर फोटोपुरता एक मोठा मॅट कागद मागे उभा करा, खाली जवळपास पांढरा आणि वर निळा होत जाणारा. बऱ्याच देखाव्यांना त्याहून जास्त काही लागत नाही.

चालत्या गाडीचं स्टॅकिंग होत नाही, कारण प्रत्येक फोटोत गाडी वेगळ्या जागी असते. एफ-१६ वर एकच फोटो घ्या आणि गाडी थोडी हललेली येऊ द्या. खरी गाडी ताशी ६० किलोमीटरने गेली तर एचओत ती सेकंदाला १९ सेंटिमीटर जाते. शटर अर्धा सेकंद उघडा राहिला तर डबे साडेनऊ सेंटिमीटर पुसले जातील, ते फार झालं. शाखामार्गावरच्या मालगाडीला २० चा वेग द्या, म्हणजे सेकंदाला साधारण ६.४ सेंटिमीटर, आणि शटर पाव सेकंद ठेवा. दीड सेंटिमीटरची हालचाल राहते, डबे पळताहेत हे कळतं आणि ते डबे आहेत हेही. स्टेशन स्पष्ट हवंच असेल तर गाडी नसताना त्याचं स्टॅकिंग आधी करून घ्या आणि कॅमेरा न हलवता गाडीचा एक फोटो नंतर घेऊन त्यावर बसवा. सावलीसकट बसवा, नाहीतर गाडी रुळांवर तरंगते.

वळणावरचे फोटो नेहमी वळणाच्या आतल्या बाजूने घ्या. बाहेरून बघितलं की डब्यांची टोकं रुळाबाहेर आलेली आणि डब्यांमधली फट उघडलेली दिसते. आतून गाडी आपल्याभोवती वळताना दिसते, फटी मिटतात आणि वळण आहे त्यापेक्षा मोठं भासतं.

पुलाचा फोटो मात्र रुळांच्या पातळीवरून घेऊ नका. एवढ्या कमानी जमिनीपासून बांधत आणल्यात तर त्या दिसल्या पाहिजेत. फोन नदीच्या पात्रात ठेवा, काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीला, आणि वर बघत घ्या. मालगाडीचं इंजिन दुसऱ्या कमानीच्या वर असताना थांबवा, म्हणजे पुढे रिकामा पूल राहील आणि गाडीला जायला जागा दिसेल. दिवा त्याच दारातून येऊ दे. कमानींच्या आतल्या दगडांवर उजेड पोहोचला नाही तर पुठ्ठा पात्रात आडवा ठेवा, फोटोच्या चौकटीबाहेर, म्हणजे खालून उजेड मिळेल. पाणी असलेल्या जागी खऱ्या पुलालाही तो खालूनच मिळतो.